आले-हळदीचा कुलवृत्तांत

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



 मंडळाने सध्या नव्या कुलवृत्तांताचे काम हाती घेतले आहे. घराघरांतून वंशावळी गोळा होत आहेत. मूळ गाव कोणते, कोणती शाखा कोठे गेली, याच्या नोंदी होत आहेत. हे काम पाहत असता आमच्या मनात असे आले की, असेच कुलवृत्तांत वनस्पतिशास्त्रज्ञही शतकानुशतके लिहीत आले आहेत, आणि त्यांतील एक कुल तर आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात, देवघरात आणि परसात नांदत आहे. ते कुल म्हणजे आल्याचे व हळदीचे. त्या कुलाचा विस्तार केवढा आहे, त्याच्या नोंदीत कोणती नावे मागे पडली, ती मागे पडल्याने काय धोका उद्भवतो आणि गुणसूत्रे नावाच्या अतिसूक्ष्म साक्षीदारांनी याबाबत कोणती साक्ष दिली, हे आज यथामती निवेदन करावे असे आम्ही योजिले आहे. आम्ही वनस्पतिशास्त्राचे पंडित नव्हे. मुलांना शिकविण्यासाठी जे वाचावे लागले आणि पुढे गोडीने वाचीत गेलो, तेच आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रारंभीच एका शब्दाचा खुलासा करणे इष्ट. या व्याख्यानात 'जाती' हा शब्द वारंवार येईल. आपल्या सभेत त्याचा जो अर्थ घेतला जातो, तो येथे अभिप्रेत नाही. शास्त्रात एकसारख्या लक्षणांच्या वनस्पतींच्या समूहास जाती म्हणतात, निकटच्या अनेक जाती मिळून प्रजाती होते, आणि अनेक प्रजाती मिळून कुल होते. आले ही एक जाती. तिच्यासह अनेक रानआल्यांची मिळून झिंजिबर ही प्रजाती. हळद, आंबेहळद, कचोरा इत्यादिकांची कुर्कुमा ही दुसरी प्रजाती. या व अशा सर्व प्रजातींचे मिळून जे कुल, त्यास झिंजिबरेसी असे नाव आहे. हे परकी वाटणारे नावही मुळात आपल्याच देशातले आहे. आल्याला संस्कृतात आर्द्रक व शृंगवेर अशी नावे आहेत. शृंगवेर म्हणजे शिंगाच्या आकाराचे. काही भाषापंडित त्याचे मूळ द्राविडी भाषांतील 'इंजि' व 'वेर', म्हणजे आल्याचे मूळ, या शब्दांत शोधतात. ते कसेही असो. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर हा शब्द पश्चिमेकडे गेला, ग्रीक व लॅटिन भाषांत त्याचे झिंजिबर झाले, आणि तेच नाव कुलास मिळाले.

आता या कुलातील मंडळींची ओळख करून घेऊ. बहुतेकांस आपण ओळखतो. मात्र ती परस्परांची आप्त आहेत हे पुष्कळांस ठाऊक नसते. चहात पडते ते आले आणि सुंठवड्यात पडते ती सुंठ ही एकच. लग्नात नवरानवरीस लागते ती हळद. मुका मार लागला असता उगाळून लावतात ती आंबेहळद. दिवाळीच्या उटण्यात गव्हल्याबरोबर ज्याचे नाव घेतले जाते तो कचोरा, आणि सुगंधासाठी वापरतात ती कापूरकाचरी. श्रीखंडावर भुरभुरतो तो वेलदोडा, आणि गोड्या मसाल्यात घालतो तो मोठा मसाला वेलदोडा. गवई मंडळी आवाजासाठी तोंडात धरतात ते कोळिंजन. पावसाळ्यात संध्याकाळी अंगण सुगंधित करणारा सोनटक्का आणि उन्हाळ्यात पानांच्या आधी जमिनीलगत फुलणारा भुईचाफा. ही सारी एका कुलाची लेकरे होत. कोकणातील भगिनी ज्या पानात पातोळ्या उकडतात ते हळदीचे पान चुरगाळून पाहावे आणि मग वेलदोड्याचे पान चुरगाळावे. नाते नाकासही पटेल.

जगात या कुलाच्या सुमारे ५० प्रजाती व १,३०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि नव्या जातींची भर दरवर्षी पडत आहे. त्यांतील बहुसंख्य भारतापासून मलाया, इंडोनेशियापर्यंतच्या उष्ण व ओल्या अरण्यांत आहेत. ॲफ्रामोमम ही प्रजाती आफ्रिकेची, तर रेनिआल्मिया आफ्रिका व उष्ण अमेरिका अशा दोन्ही खंडांत पसरलेली. आपल्या देशात सुमारे २०० जाती आहेत आणि ईशान्येकडील डोंगर व दक्षिणेतील सह्याद्री ही त्यांची दोन मोठी माहेरे होत. हे कुल फुलावरून ओळखतात. फुलात कार्यक्षम पुंकेसर एकच असतो. दुसरे दोन केसर एकत्र जुळून रंगीत ओठासारखे रूप घेतात आणि आपण त्यालाच पाकळी समजतो. फुलाची नाजूक शैली त्या एकुलत्या पुंकेसराच्या दोन कप्प्यांमधून वर डोकावते. सोनटक्क्याचे फूल हातात घेऊन हे कोणासही पाहता येईल. याउलट आपल्या रानात वाढणारा पेवा पूर्वी याच कुलात गणला जात असे. पण त्याच्या पानांस सुगंध नाही व ती खोडाभोवती मळसूत्रासारखी चढत जातात, हे पाहून त्याचे घर वेगळे मानण्यात आले. कुलवृत्तांतात अशा दुरुस्त्या कराव्याच लागतात.

या कुलाच्या लिखित नोंदीचा इतिहासही मनोरंजक आहे. कोचीनच्या डच सत्तेचा अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारातील वनस्पतींचा 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापले गेले. अकराव्या खंडात आले, हळद व वेलदोडा यांची चित्रे व वर्णने आहेत. ही माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य होते, त्याचप्रमाणे रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांनी दिलेले प्रशस्तिपत्र कोकणी भाषेत, नागरी लिपीत, पहिल्या खंडात छापलेले आहे. पुढे लिनीअसने १७५३ मध्ये हळदीस शास्त्रीय नाव दिले. लिव्हरपूलचे विल्यम रॉस्को या व्यवसायाने वकील असलेल्या गृहस्थांनी १८०७ मध्ये आल्याचे आजचे शास्त्रीय नाव रूढ केले. आपल्या मुंबई इलाख्यापुरते पाहावयाचे तर जॉन ग्रॅहॅम यांची वनस्पतिसूची १८३९ मध्ये निघाली, आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला.

परंतु पान, फूल, गड्डा पाहून लिहिलेल्या वृत्तांतात एक अडचण राहते. हळदीच्या वर्गातील गड्डे एकमेकांसारखे दिसतात, फुले वर्षातून थोडेच दिवस येतात आणि वाळविलेल्या नमुन्यात त्यांची रचना चुरगळून जाते. अशा वेळी कोण कोणाचे, हे ठरविण्यास आणखी एखादा साक्षीदार हवा असतो. तो साक्षीदार म्हणजे गुणसूत्र.

प्रत्येक सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते. पेशीच्या आत केंद्रक असते. पेशी दुभंगून दोन होण्याच्या वेळी त्या केंद्रकात आखूड दोऱ्याच्या तुकड्यांसारखे काही कण स्पष्ट दिसू लागतात. विशिष्ट रंग ते चटकन शोषून घेतात, म्हणून १८८८ मध्ये वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांस रंगाशी निगडित नाव दिले व आपल्याकडे त्यांस रंगसूत्रे म्हणू लागले. आईबापांचे गुण संततीत नेण्याचे काम तीच करतात, म्हणून गुणसूत्रे हेही नाव सार्थ आहे. प्रत्येक जातीत त्यांची संख्या सामान्यतः ठरलेली असते. मनुष्यात ती ४६ आहे. २३ आईकडून व २३ बापाकडून. ही संख्या मोजणे किती बिकट असते याची कल्पना एका गोष्टीवरून येईल. मनुष्यात गुणसूत्रे ४८ असतात असे जगातले शास्त्रज्ञ कित्येक वर्षे मानीत होते. ती ४६ आहेत हे त्यिओ व लेव्हान यांनी १९५६ मध्ये सिद्ध केले.

वनस्पतीतील मोजणी मुळाच्या टोकाशी करतात, कारण तेथे पेशी सतत दुभंगत असतात. आल्याचा गड्डा ओल्या वाळूत ठेवला की पांढरी मुळे फुटतात. त्यांची टोके कापून प्रथम कॉल्चिसिनसारख्या द्रव्यात ठेवतात. त्यामुळे पेशीचे दुभंगणे मध्येच थांबते आणि गुणसूत्रे मोजण्याजोगी सुटी राहतात. हे कॉल्चिसिन आपल्या रानातील कळलावीतही असते, हे आपणांस ऐकून नवल वाटेल. मग ती टोके मद्यार्क व ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात मुरवितात, कारमाइनसारख्या रंगाने रंगवितात, काचपट्टीवर ठेवून अंगठ्याने हलकेच दाबून पसरवितात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. हळदीची गुणसूत्रे फारच बारीक. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास त्यांची लांबी. म्हणूनच एके काळी कोणी ती ६२ मोजली, तर कोणी ६४.

आपल्या देशात या कुलाच्या गुणसूत्रांचा पद्धतशीर अभ्यास टी. एस. राघवन व के. आर. वेंकटसुब्बन यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर के. रामचंद्रन यांनी १९६१ मध्ये हळदीच्या प्रजातीतील व १९६९ मध्ये एकंदर कुलातील मोजणी प्रसिद्ध केली. या शास्त्राचा विचार करताना आणखी एका भारतीय विदुषीचे नाव घेतलेच पाहिजे. तेल्लीचेरी येथे १८९७ मध्ये जन्मलेल्या ई. के. जानकी अम्माळ यांनी कोइंबतूर येथे उसाच्या गुणसूत्रांवर काम केले, आणि सी. डी. डार्लिंग्टन यांच्या सहकार्याने लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रसंख्यांचा कोश १९४५ मध्ये सिद्ध केला. मुलींच्या शिक्षणाची वाट अरुंद असण्याच्या काळात त्यांनी हे केले, हे आपल्या कन्यांनी ध्यानात ठेवावे.

आता साक्षीदारांनी काय सांगितले ते पाहू. आल्यात गुणसूत्रे २२, म्हणजे ११ च्या दोन जुड्या. जपानात ज्याच्या कळ्या आवडीने खातात त्या म्योगा नावाच्या आल्यात ती ५५, म्हणजे ११ च्याच पाच जुड्या. सोनटक्क्याच्या प्रजातीत मूळ आकडा १७ व सोनटक्क्यात सामान्यतः ३४. भुईचाफ्यात ३३, म्हणजे ११ च्या तीन जुड्या. वेलदोडा, मसाला वेलदोडा व कोळिंजन या तिघांतही ४८. आंबेहळदीत ४२ आणि आपल्या नेहमीच्या हळदीत ६३. वेलदोडा व कोळिंजन यांची घडण एकमेकांस जवळची आहे असे फुलांवरून जे अनुमान होते, त्यास या आकड्यांनी पुष्टी दिली. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतील जॉन क्रेस व त्यांचे सहकारी यांनी गुणसूत्रांतील मूळ द्रव्याचीच तुलना करून कुलाचे चार उपकुलांत वर्गीकरण केले. त्यातही वेलदोडा व कोळिंजन एका उपकुलात आणि आले, हळद, सोनटक्का दुसऱ्यात आले.

हळदीचा ६३ हा आकडा मात्र विचार करण्यासारखा आहे. आपल्या लग्नातल्या हळदीचेच गृहस्थजीवन त्याने उलगडले! परागकण व बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागतात आणि प्रत्येक जोडीतील एक इकडे, एक तिकडे अशी वाटणी होते. हळदीत २१ गुणसूत्रांच्या तीन जुड्या. तीन जुड्यांची सम वाटणी होणार कशी? दोघांची जोडी लागते, तिसरे एकटे राहते आणि कोठेतरी भरकटते. परिणामी बी क्वचितच धरते. चेक व केरळीय शास्त्रज्ञांनी भारतातील हळदवर्गाचे दीडशेहून अधिक नमुने एकत्र वाढवून २००७ मध्ये असे दाखविले की, या वर्गातील बहुतेकांचा मूळ आकडा ७ आहे आणि संख्या २२ पासून १०५ पर्यंत पसरलेल्या आहेत. त्या हिशेबाने आपल्या हळदीत ७ च्या नऊ जुड्या होतात. नऊ ही विषम संख्याच. म्हणून निष्कर्ष बदलत नाही. आल्याची अडचण निराळी. तेथे ११ जोड्या आहेत, परंतु कित्येक गुणसूत्रांचे तुकडे इकडचे तिकडे झालेले किंवा उलटे बसलेले आढळतात. त्यामुळे जोडी नीट लागत नाही, पराग बहुधा वांझ निघतो व बी धरत नाही. शिवाय लागवडीतील आले अरण्यात आपोआप वाढलेले आजवर कोठेही सापडलेले नाही. मनुष्याच्या हाताशिवाय त्याचा वंश चालत नाही.

यावरून एक फार महत्त्वाची गोष्ट निघते. शेतकरी आले व हळद बियांनी लावीत नाही, बेण्याने लावतो. बेणे म्हणजे त्याच झाडाच्या खोडाचा तुकडा. साताऱ्याच्या एखाद्या मळ्यात एकरभर आले उभे असेल, तर ती हजारो निराळी झाडे दिसतात. परंतु बेणे एकाच मूळचे असेल तर ते एकच झाड हजारो ठिकाणी उभे आहे असे समजावे. अधूनमधून एखाद्या डोळ्यात आपोआप थोडा बदल होतो आणि शेतकऱ्याची चाणाक्ष नजर तो हेरून नवा वाण निवडते, हे खरे. तथापि आईबापांच्या गुणांची दर पिढीस जी नवी मिसळण व्हावयाची, ती येथे होत नाही. वेलदोड्याचे तसे नाही. त्याच्या फुलांवर मधमाश्या येतात, बी धरते आणि बियांपासून उगवलेली रोपे परस्परांहून भिन्न निघतात.

जेथे सारे एकसारखे, तेथे रोगासही एकच किल्ली पुरते. आले-हळदीची शेती करणाऱ्या आपल्या बांधवांस कंदकूज म्हणजे काय ते सांगावयास नको. पिथियम नावाची बुरशी जमिनीत पाणी साचले की फोफावते. पाने पिवळी पडतात, खोड ओढले की सहज हातात येते आणि गड्डा कुजून त्यास घाण सुटते. एका झाडात प्रतिकार नसेल तर शेजारच्यातही नसतो, कारण दोन्ही एकच. अशा एकसारखेपणाचे फळ काय असते, हे केळीच्या उदाहरणाने जगास शिकविले आहे. केळ ही आल्याच्या कुलाची नसली, तरी त्याच गणातील, म्हणजे दूरच्या भाऊबंदांपैकी. ग्रो मिशेल नावाचे केळे एके काळी युरोप-अमेरिकेच्या बाजारात सर्वत्र विकले जाई. तेही बिनबियांचे, गुणसूत्रांच्या तीन जुड्यांचे, फुटव्यांनी वाढविलेले. पनामा रोगाने त्याचे मळेच्या मळे नष्ट केले आणि १९६० च्या दशकापर्यंत त्याची जागा कॅव्हेंडिश जातीने घेतली. आता त्या रोगाच्या नव्या प्रकाराने कॅव्हेंडिशलाही गाठले आहे.

अशा प्रसंगी कुलातील कोणते आप्त उपयोगी पडतात? ज्यांची नावे आपण विसरलो तेच. केरळात झिंजिबर झेरुम्बेत नावाचे एक रानटी आले आहे. ते बाजारात कोणी विकत घेत नाही. परंतु कंदकुजीच्या बुरशीस ते दाद देत नाही असे अभ्यासात आढळले आहे. लागवडीच्या आल्यास बीच धरत नसल्याने दोघांचा सरळ संकर करता येत नाही. म्हणून हा प्रतिकार नेमक्या कोणत्या गुणघटकामुळे येतो याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. आल्याच्या व हळदीच्या गुणसूत्रांतील मजकुराचे वाचन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. हळदीचे काम भोपाळच्या संस्थेत झाले. वाचावयास आता पोथी मिळाली आहे. पण तुलनेस दुसऱ्या पोथ्या हव्यात, आणि त्या रानात आहेत. हळदीविषयी थोडी आशा अधिक. वांझ म्हणविणारी हळदही क्वचित बी धरते. अशा बियांपासून वाढविलेल्या रोपांतून निवड करूनच कोझिकोडच्या भारतीय मसाला संशोधन संस्थेने 'प्रभा' व 'प्रतिभा' हे वाण काढले. निसर्गाने दार पुरते लावलेले नाही. शोधणाऱ्याने चिकाटी मात्र धरली पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रातही अशा उपेक्षित आप्तांची वाण नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या व कासच्या पठारांवर पावसाळ्यात चवर फुलते. हळदीसारखी पाने व मधोमध उभा फिकट छदांचा तुरा असलेली ही वनस्पती महाराष्ट्राच्या सह्याद्रीखेरीज जगात अन्यत्र आढळत नाही. तिच्या कंदापासून पूर्वी तवकिरीसारखे सत्त्व काढीत. ग्रॅहॅम यांनी तिची नोंद हळदीच्या प्रजातीत केली होती. नंतरच्यांनी तिला वेगळ्या प्रजातीत घातले, आणि अलीकडील संशोधनाने तिला पुन्हा हळदीच्याच घरात आणले आहे. माहेर परत मिळाले म्हणावयाचे! पिवळ्या फुलांची व जांभळट तुऱ्याची रानहळदही घाटमाथ्यावर आहे. झिंजिबर निमोनाय हे रानआले आहे. ग्रॅहॅम यांच्या निधनानंतर त्यांची सूची पुरी करणाऱ्या निम्मो यांचे नाव त्यास दिलेले आहे. पठारे पायांखाली व वाहनांखाली तुडविली गेली, डोंगर फोडून घरे उठली, तर ही मंडळी कोणास न कळता नाहीशी होतील, आणि ज्या दिवशी हळदीस त्यांची गरज लागेल त्या दिवशी ती हाक ऐकण्यास कोणी उरणार नाही.

दुसरा धोका नावांच्या गोंधळाचा. आंबेहळद म्हणून बाजारात जे मिळते ते नेहमी एकच द्रव्य असते असे नाही. खऱ्या आंबेहळदीचा गड्डा मोडला असता कैरीचा वास येतो आणि तिची गुणसूत्रे ४२ आहेत. तिच्या नावाखाली कधी कधी दुसरी एक रानटी हळद विकली जाते, जिला कापरासारखा वास असून भारतात जिची गुणसूत्रे ६३ मोजली गेली आहेत. वास उडून जातो, वाळलेले काप सारखेच दिसतात. पण जिवंत गड्ड्याच्या मुळाचे टोक खोटी साक्ष देत नाही. मात्र साक्ष घेणाऱ्यानेही सावध असावे. एकाच नावाखाली निरनिराळ्या संशोधकांनी निरनिराळे आकडे नोंदविले, त्याचे एक कारण असे की, मोजलेली वनस्पती नेमकी कोणती होती याचा नमुना जपून ठेवलेला नव्हता. म्हणून ज्या झाडाची गुणसूत्रे मोजावयाची, त्याचा पानाफुलांसह वाळविलेला नमुना संग्रहालयात ठेवणे हा आता दंडक मानला जातो. पुण्यास भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचे केंद्र १९५५ पासून आहे आणि तेथे असे नमुने जतन केलेले आहेत. पुराव्यावाचून वंशावळ मानू नये, हा नियम आपल्या कुलवृत्तांताच्या संपादकांसही मान्य होईल.

आता प्रत्येक कुटुंबाने काय करता येईल ते सांगतो. ज्यांचे गावी घर आहे त्यांनी परसातील हळद, आंबेहळद, कचोरा, सोनटक्का यांची नोंद करावी. गावात नाव काय, फूल कोणत्या महिन्यात, पान कशासाठी व गड्डा कशासाठी वापरतात आणि बेणे कोठून आले, एवढे एका वहीत लिहावे. ही माहिती बहुधा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस असते. बेणे जपणे, ते राखेत घोळून कोपऱ्यात ठेवणे, लेकीच्या सासरी एक गड्डा धाडणे, हे काम त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. जुने घर विकण्याची वेळ आली तर देव्हाऱ्यातील देव आपण बरोबर आणतो; परसातला एक गड्डाही आणावा. शहरात तो कुंडीतही जगतो. शेती करणाऱ्यांनी एकाच वाणावर सारा भार टाकू नये, रोगट शेतातील बेणे घेऊ नये आणि पाण्याचा निचरा साधावा. सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये व वायगावच्या हळदीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या वाणास नाव मिळाले त्याचा भाव राहतो. ज्याचे नावच कोणी लिहिले नाही तो वाण मुकाट्याने जातो. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी गावाकडच्या हळदीची गुणसूत्रे मोजण्याचा विषय घ्यावा. एक सूक्ष्मदर्शक, थोडी रसायने आणि पुष्कळ चिकाटी एवढेच त्यास लागते.

अखेरीस आपल्या स्वतःच्या कुलवृत्तांताविषयी एक विनंती. वनस्पतींच्या नियमांवरून मनुष्यांचे नियम काढू नयेत हे आम्ही जाणतो, आणि आम्हांस तसे करावयाचेही नाही. परंतु जे मनुष्याच्या शरीरात प्रत्यक्ष आहे त्याचा विचार करण्यास प्रत्यवाय नसावा. मघाशी सांगितलेल्या ४६ गुणसूत्रांपैकी निम्मी आईची असतात. आपल्या जुन्या वंशावळीत मात्र बापामागून बाप व मुलामागून मुलगा एवढीच ओळ चालते. आईच्या ठिकाणी पुष्कळदा नावही नसते, आणि मुलगी लग्न होऊन गेली की तिची शाखा तेथेच खुंटते. म्हणजे आपण लिहितो तो अर्धाच वृत्तांत. ज्ञातीबाहेर विवाह झालेल्या मुलामुलींची नावेही काही घरांतून गाळली जातात, असे ऐकिवात आहे. रागलोभ आपल्या ठिकाणी. परंतु नाव गाळल्याने नाते नाहीसे होत नाही, फक्त नोंद खोटी होते. आले-हळदीच्या कुलाने आपणांस हेच शिकविले की, ज्या आप्तांस यादीतून वगळले, संकटात त्यांच्याच दाराशी जावे लागते. म्हणून नव्या कुलवृत्तांतात आई, आजी, लेक, सून, नात आणि दूर गेलेली प्रत्येक शाखा नावानिशी यावी. कार्यकारिणीने या सूचनेचा विचार करावा आणि ज्येष्ठ सभासदांनी तीस अनुमोदन द्यावे, अशी आम्ही नम्र प्रार्थना करतो.